चाळीस मिनिटांचा फंडा

शनिवार, रात्रीचे साडेदहा. एफ. सी. रोडवर माझी अख्खी गँग कॉफी ढोसत बसलेली आणि मी? मी माझ्या स्वतःच्या बाथरूममध्ये, फाटक्या टी-शर्टात, चक्क गुडघ्यांवर! एका हातात स्क्रबर, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठेयस?"

"बाथरूममध्ये."

"अजून? आठ वाजता फोन केला तेव्हाही तिथेच होतीस. पोट बिघडलंय का?"

"पोट नाही गं, फरशी बिघडलीय."

पलीकडे जो काही हशा पिकला, तो अख्ख्या टेबलाचा होता. हसा लेको. उद्या तुम्हीही घरं घ्याल, तुम्हालाही ईएमआय येतील आणि एक दिवस तुम्हालाही कळेल की टाइल्सच्या दोन मिलिमीटरच्या फटीत माणसाचा अख्खा वीकेंड गडप होऊ शकतो.

तर झालं असं. माझा फ्लॅट रिसेलचा. वन बीएचके, तिसरा मजला, खिडकीतून सिंहगड दिसतो (खरं तर दिसतो तो समोरचा टॉवर, पण ब्रोकरने सिंहगडच म्हटलं होतं). बाथरूम आधीच्या मालकाच्या हौसेचं. गुळगुळीत, चकचकीत टाइल्स आणि मधल्या फटी काळ्याकुट्ट. मला एकटीला चालत होतं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. साताऱ्याच्या घरी पायऱ्या आणि देशी संडास, त्यामुळे ऑपरेशन पुण्यात आणि नंतरचे दोन महिने मुक्काम माझ्याकडे. वॉकर घेऊन चालणारी आई आणि साबणाचं पाणी सांडलेली ती गुळगुळीत फरशी... नुसत्या कल्पनेनेच माझी झोप उडाली. ठरलं! बाथरूम बदलायचं. मॅट फिनिशच्या, पाय न घसरणाऱ्या टाइल्स, भिंतीला धरायला दांडे आणि काळ्या फटींचा कायमचा निकाल.

भवानी पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, "फटी कशाने भरणार? सिमेंट की इपॉक्सी?" मी चेहऱ्यावर सगळं कळल्याचा भाव आणला. त्याने ओळखलं.

फंडा सिंपल आहे. नेहमीचं ग्राउट असतं सिमेंटचं. त्याला बारीक छिद्रं असतात, ते पाणी पितं. पाण्याबरोबर साबण, मळ, स्वयंपाकघरात हळद आणि चहा. म्हणून पांढऱ्या फटी वर्षभरात पिवळ्या आणि मग काळ्या होतात. इपॉक्सी पाणी पीत नाही, म्हणून डागही धरत नाही. महाग असतं, पण एकदा नीट बसलं की वर्षानुवर्षं बघायला नको. मला "बघायला नको" हे दोन शब्द इतके आवडले की पुढचं काही मी ऐकलंच नाही. पुढचं म्हणजे, "मॅडम, मॅट टाइलवर जरा सांभाळून हं."

घरी आल्यावर फोनवर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, म्हणजे अ‍ॅराल्डाइटच की!" आणि एकदम लहानपण आठवलं. मोडलेलं खेळणं, फुटलेली बशी, तुटलेला चष्मा, आमच्याकडे सगळ्यावर इलाज एकच. दोन ट्यूब. बाबा जुन्या पोस्टकार्डावर दोन्हींतून सारखा सारखा ठिपका काढायचे, काडेपेटीच्या काडीने घोटायचे आणि मग मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायचे, "झालं सुरू!"

बाबांचं बरोबर होतं. जातकुळी तीच. १९३०च्या दशकात पिअर कास्तान नावाचा एक स्विस केमिस्ट दातांच्या कवळीसाठी नवं मटेरिअल शोधत होता, त्यात त्याला इपॉक्सी रेझिन गवसलं. अ‍ॅराल्डाइट १९४६ मध्ये बासेलच्या औद्योगिक मेळ्यात लोकांसमोर आलं. आपल्या नळाच्या गळतीवर मळून लावायचं एम-सील हेही त्याच खानदानातलं. म्हणजे कवळीपासून निघालेली ही गाडी माझ्या बाथरूमपर्यंत पोचली होती!

ग्राउटच्या डब्यात तीन वस्तू निघतात. रेझिन, हार्डनर आणि बारीक वाळूसारखी रंगीत पावडर. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की त्यांच्यात केमिकल रिअ‍ॅक्शन सुरू होते, आणि ती तुमच्या सोयीने थांबत नाही. हे "वाळणं" नव्हे. वाळलेल्या चिखलात पाणी घातलं की परत चिखल होतो. इपॉक्सीचे रेणू एकमेकांना असे जखडून घेतात की परत फिरणं नाही. थोडक्यात, लग्नासारखं म्हणा. (आई, हा विनोद आहे. लगेच स्थळं पाठवू नकोस.)

कालवल्यावर ते हातात साधारण अर्धा-पाऊण तास राहतं. तेही हवा बरी असेल तर. उन्हाळ्यात हा वेळ झपाट्याने कमी होतो. त्यात आणखी एक गंमत, रिअ‍ॅक्शनमध्ये उष्णता निघते. डब्यात मोठा गोळा तसाच ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि आणखी लवकर आवळतो. म्हणून थोडं थोडं कालवायचं.

आणि खरं काम फटी भरण्याचं नसतंच. ते असतं पुसण्याचं. रबराच्या पट्टीने फटी भरताना टाइलवर एक पातळ थर राहतोच. तो पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या पांढऱ्या पॅडने गोल गोल फिरवून सोडवायचा, लगेच स्पंजने फटींना तिरकं जात उचलून घ्यायचा. तासाभराने दुसरा हात. दर थोड्या वेळाने पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघून उरलंसुरलं काढायचं. हे चुकलं तर टाइलवर दुधावरच्या सायीसारखा धुरकट थर बसतो. तो वाळलेला नसतो, जखडलेला असतो. चकचकीत टाइलवरून तो त्यातल्या त्यात निघतो. मॅट टाइलच्या खरखरीत अंगात मात्र तो शिरून बसतो.

हे सगळं मला आज पाठ आहे. त्या शुक्रवारी नव्हतं.

आमचे मिस्त्री नांदेडकडचे. वयाने माझ्याएवढेच असतील, मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई. टाइल्स त्यांनी अशा बसवल्या होत्या की एक फट इकडची तिकडे नाही. गुरुवारी संध्याकाळी ते म्हणाले, "ताई, इपॉक्सीला दोन दिस द्या. सकाळच्या गारव्यात करू, थोडं थोडं. आन् एक बिगारी लागंल, मी भरत जाईन, त्यो पुसत जाईल."

बिगाऱ्याची एक हजेरी म्हणजे ७०० रुपये. दोन दिवसांचे १४००. माझा खर्च आधीच बजेटच्या बाहेर. शिवाय शनिवारी सकाळी एका मासिकाची डेडलाइन, घरात ठकठक नको. मग मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दादा, फटीच तर भरायच्यात! एका दिवसात उरका ना. शुक्रवारीच. आणि बिगारी कशाला?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ताई, हे सिमिट न्हाई. हे घड्याळावरचं काम हाय."

"होईल हो दादा," मी म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

मे महिना. शुक्रवारी ते दुसरं काम उरकून अकराला आले. भिंती आणि जमीन मिळून एकटा माणूस. दुपारी दोनला बाथरूमची भट्टी झालेली. वेळ वाचवायला त्यांनी मोठा घाणा कालवला आणि तो अर्ध्यात आवळायला लागला. भरू की पुसू, अशी धावपळ. मी बाहेरच्या खोलीत वर्क-लाइफ बॅलन्सवर लेख लिहीत होते. (हसू नका.) संध्याकाळी ते गेले तेव्हा फरशी ओली होती आणि ओल्या फरशीवर सगळंच छान दिसतं.

शनिवारी सकाळी फरशी सुकली. गडद राखाडी फटी, एकदम टकाटक. आणि फिकट टाइल्सवर सगळीकडे राखाडी ढग! कुठे बोटांचे फराटे, कुठे स्पंजच्या रेघा. जणू कुणी मळक्या फडक्याने अख्खं बाथरूम पुसून ठेवलंय.

मी भडकले. सरळ व्हॉइस नोट टाकली. एक मिनिट बारा सेकंदांची. "काम येत नसेल तर घ्यायचं कशाला" हे वाक्य त्यात होतं. शेवटचे दोन हजार द्यायचे राहिले होते, ते "आता विसरा" हेही होतं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस. आपल्याकडे फरशीच्या कुठल्याही रोगावर एकच औषध, अ‍ॅसिड! शेजारच्या काकू तर बाटली घेऊनच आल्या. "ओत आणि घास, बघ कशी लखलखते." मी झाकण उघडलंही होतं. तेवढ्यात त्या वासाने ठसका लागला आणि जरा भानावर आले. ओतण्याआधी एकदा डब्यावरचं वाचू म्हटलं. रिकामा डबा बाल्कनीत पडला होता. मागे बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं. किती मिनिटांत वापरा. किती मिनिटांनी पहिला हात पुसा. थोड्या भागात काम करा. ऊन असताना आणखी लहान भाग घ्या. हातमोजे घाला.

जे जे दादांनी गुरुवारी सांगितलं होतं, ते ते सगळं. त्यांनी आठ-दहा शब्दांत, कंपनीने एका पानात.

रात्री साडेदहाला गुडघ्यांवर बसून मी जे घासत होते, ते ग्राउट नव्हतं. माझी १४०० रुपयांची बचत होती. आणि गंमत म्हणजे हाच डायलॉग मी दर आठवड्याला ऐकते. "अगं, एक हजार शब्दच तर लिहायचेत! उद्या दे ना." आणि मग तीन महिने पेमेंटसाठी मेलवर मेल. त्या लोकांना मी मनात ज्या शिव्या घालते, त्या सगळ्या त्या रात्री मला फिट बसत होत्या. तुम्हीही बॉसला घालत असाल. कधी आपल्याकडे काम करणाऱ्याच्या जागी उभं राहून त्या ऐकल्यात?

रविवारी सकाळी फोन केला. व्हॉइस नोट नाही, फोन. "दादा, चूक माझी झाली. तुम्ही सांगितलं होतंत." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ते म्हणाले, "मी बी पुसायला थांबाया पायजे होतं, ताई. येतो सांजच्याला."

आले, बिगाऱ्याला घेऊन. आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचे हात नीट बघितले. बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे, कातडी सोललेली.

"हे कशानं?"

"ह्याचंच. इपॉक्सीचं काम केलं की उठतंय. आदी चार-पाच दिस काम केलं की व्हायचं. आता एका दिसात उठतंय."

त्या रात्री मी वाचलं. न जमलेलं कच्चं इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर वारंवार कातडीला लागला की अ‍ॅलर्जी होऊ शकते. एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते आणि मग थोडासा स्पर्शही पुरतो. "आता एका दिसात उठतंय" याचा अर्थ तोच होता. दुसऱ्या दिवशी मी नायट्राइलच्या हातमोज्यांचा बॉक्स आणला. घरात असतात ते पातळ रबरी मोजे याला पुरत नाहीत. दादांना म्हटलं, कातडीच्या डॉक्टरला दाखवा. "बघू," म्हणाले. त्या "बघू"मध्ये बुडणारी हजेरी होती, हे मला आता कळतं. मोजे मात्र त्यांनी घातले, आणि "घाल रं" म्हणून बिगाऱ्यालाही घालायला लावले.

दोन संध्याकाळी लागल्या. आधी दाराआड, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे एका टाइलवर ट्रायल. पातळ थर होता तिथे कडक गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि पांढरं पॅड यांनी काम भागलं, कारण उष्णतेने इपॉक्सी थोडं नरम पडतं. जाड ठिपके प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले. जे त्यालाही दाद देईनात, त्यांच्यासाठी इपॉक्सीचा थर काढायचं जेल रिमूव्हर आणलं. डब्यावर लिहिलंय तेवढीच मिनिटं ठेवायचं, फटींवर जाऊ द्यायचं नाही (कारण त्याला थर काय आणि फटीतलं ग्राउट काय, दोन्ही सारखंच), मग भरपूर पाण्याने धुवायचं. खिडकी उघडी, दार उघडं, टेबल फॅन चालू.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. रिमूव्हर घेताना त्यात मिथिलिन क्लोराइड नाही ना, हे आधी लेबलवर बघा. बाथटब नव्याने रंगवण्याआधी जुना थर काढायला अमेरिकेत हे केमिकल वापरायचे. २००० ते २०११ या काळात हे काम करणारे किमान १३ जण बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफेने गेले. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. फरशीवरच्या ढगासाठी एवढी किंमत कुणीच देऊ नये. तुम्हीही नाही, तुमच्या मिस्त्रींनीही नाही.

माझ्यासारखी फजिती नको असेल तर हा घ्या या आठवड्याचा क्रॅश कोर्स. कापून फ्रिजवर लावा.

• काम सकाळी सुरू करा. एका वेळी एक छोटा भाग आणि त्यापुरतंच मिश्रण. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलेलंच, अंदाजपंचे नाही.

• माणसं दोन. एक भरणारा, एक पुसणारा. बिगाऱ्याची हजेरी वाचवू नका. ती नंतर व्याजासकट जाते.

• टाइल मॅट असेल, आणि त्यात फिकट टाइल व गडद ग्राउट असेल, तर आधी एका उरलेल्या टाइलवर भरून, पुसून, रात्रभर ठेवून बघा.

• पॅड पांढरं, नायलॉनचं. भांड्यांचा हिरवा स्क्रबर चकचकीत टाइलवर ओरखडे पाडतो. पाणी सतत बदला. गढूळ पाण्याने पुसणं म्हणजे तोच थर सगळीकडे फासणं.

• सकाळी फरशी कोरडी करून, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा. २४ तासांच्या आत सापडलेला थर दोस्त असतो, नंतरचा दुश्मन.

• अ‍ॅसिड नाही म्हणजे नाही! ते सिमेंट खातं, नळांची चमक खातं, पण जमलेल्या इपॉक्सीला ढिम्म काही करत नाही. आणि ब्लीचबरोबर तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

• पावसाळ्यात दमट हवेत कधीकधी नुसता तेलकट, मेणचट थर येतो. घाबरू नका. तो हार्डनर आणि हवेतल्या ओलाव्याचा खेळ असतो, कोमट साबणाच्या पाण्याने बहुधा निघतो.

• भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, लवचीक सिलिकॉन सीलंट भरा. थेट ऊन पडतं तिथे पांढरं इपॉक्सी टाळा, पिवळं पडतं. आणि इपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ते टाइलच्या खाली आधीच झालेलं असावं लागतं.

• निदान २४ तास पाणी सांडू नका. पूर्ण पक्कं व्हायला साधारण सात दिवस द्या.

सोमवारी रात्री काम संपलं. राहिलेले दोन हजार, दोन संध्याकाळींची मजुरी आणि बिगाऱ्याची हजेरी, सगळं तिथल्या तिथे यूपीआय केलं. दादांनी फोन बघितला, मान डोलावली आणि जाताना दाराआडच्या टाइलकडे बोट दाखवलं. तिथे हाताच्या पंज्याएवढा एक ढग अजून होता. "ह्यो न्हाई निघायचा, ताई. बदलू का टाइल?"

"राहू दे दादा."

आई रविवारी आली. वॉकर टेकत टेकत थेट बाथरूमची पाहणी! दांडा धरून बघितला, पाय घासून बघितला. "घसरत नाही गं," म्हणाली, आणि गेला महिनाभर माझ्या छातीवर बसलेला दगड उतरला. मग दाराआड वाकून बघत, "अगंबाई, हे पांढरट काय राहिलंय? घासलं नाहीस का?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई दाराआडचं बघते. बाबा मागे उभे राहून हसत होते. म्हणाले, "घड्याळ बघितलं नव्हतं वाटतं?"

बघितलं होतं बाबा. फक्त स्वतःचं.